नारळ धरायला

कलावतीकाकी सगळ्यांदेखत कोणाला कधी बोलल्या नाहीत. मोदकाची पारी जाड झाली, आमटीत हिंग घालायचा राहिला, कोणी ओल्या हाताने पिठीच्या डब्यात वाटी घातली, तरी त्या एकदा तिकडे नजर टाकायच्या आणि आपलं काम करत राहायच्या. मग थोड्या वेळाने मागच्या पॅसेजमधून हाक यायची, "वैशाली, जरा नारळ धरायला ये गं."

आता नारळ फोडताना धरायला दुसरं माणूस कशाला लागतं? काकी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन अख्खी गोणी एकट्या फोडायच्या. तेव्हा जिला हाक आली तिने काय ते समजून जायचं. पॅसेजमध्ये गेलं की काकी पाठीवर हात ठेवायच्या, एकच वाक्य बोलायच्या, "पारी जाड होतेय, अंगठा जरा आत दाब," आणि नुकत्याच फोडलेल्या नारळाचं पाणी वाटीतून प्यायला द्यायच्या. पाणी पिऊन झालं की विषय संपला. पुन्हा त्या चुकीचं नाव नाही, बाकीच्या बायकांपुढे तर नाहीच. डोंबिवलीत निशाताईंचं मोदक-फराळाच्या ऑर्डरींचं किचन होतं, तिथल्या प्रत्येक बाईने ते पाणी कधी ना कधी प्यायलं होतं, आणि सगळ्यात जास्त प्यायलं होतं रुपालीने.

रुपाली डोंबिवलीतल्याच एका जुन्या गावातली, आगऱ्यांची सून. गाव आता बिल्डिंगांच्या मध्ये कुठेतरी राहिलंय. तिचा हात कालवणाचा. घरी गणपतीला मोदक व्हायचे, पण ते सासू करायची, हिने फक्त खायचे. किचनमध्ये कामाला आली तेव्हा तिचे पहिले मोदक बघून तिथली तुळसा म्हणाली होती, "हे मोदक हायत का भजी?" सगळ्या खो खो हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्या पावसाळ्यात रुपालीने इतकं नारळपाणी प्यायलं की काही विचारू नका, पण गणपती येईपर्यंत तिच्या मोदकाच्या कळ्या मोजून घ्याव्यात अशा पडू लागल्या. पुढे निशाताईंनी कामावर एक मुख्य नेमायचं ठरवलं, तेव्हा काकींनीच तिचं नाव सांगितलं. "मला कल्याणहून यायचं-जायचं, ते फोन आणि ऑर्डरी माझ्याच्याने नाही व्हायच्या. ही पोर करेल." अशी रुपाली टीम लीडर झाली. निशाताईंनी तिच्या अ‍ॅप्रनवर तसं शिवूनही घेतलं.

मग तिला ठाण्याला, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये, एक दिवसाच्या शिबिराला पाठवण्यात आलं. चहा, समोसा आणि प्रमाणपत्र. तिथल्या सरांनी सांगितलं, टीममधल्या माणसाला चूक सांगायची तर सँडविचसारखी सांगा. आधी एक चांगली गोष्ट, मध्ये चूक, वर परत एक चांगली गोष्ट. रुपालीला ते फार पटलं. घरी येऊन तिने नवऱ्यालाही समजावलं. प्रत्यक्षात मात्र असं व्हायचं की ब्रेडचे दोन्ही तुकडे ती सगळ्यांना भरभरून द्यायची आणि मधलं आपणच गिळून टाकायची. कोणाचं काही चुकलं तर मागून गुपचूप नीट करायची आणि तोंडावर म्हणायची, "छान झालंय." बायका खूश होत्या. असली गोड टीम लीडर कोणाला नको? आपण फार समंजस आहोत असं रुपालीलाही वाटू लागलं होतं. खरं सांगायचं तर ती घाबरट होती. समोरच्याचा चेहरा पडलेला हिला बघवायचा नाही, आणि ते टाळण्यासाठी ती वाटेल तेवढं काम अंगावर घ्यायला तयार असायची. त्याला ती "सांभाळून घेणं" म्हणायची.

या किचनचा एक नियमही सांगायला हवा. ऑर्डरी बहुतेक नैवेद्याच्या असायच्या. संकष्टी, सत्यनारायण, गौरी-गणपती. त्यामुळे देवाला दाखवायच्या आधी कोणी काही चाखायचं नाही. फळीवर एक छोटा गणपती होता. त्याला ताट दाखवलं की टीम लीडरने पहिला घास घ्यायचा आणि कसं झालंय ते सांगायचं. तोवर सगळा कारभार डोळ्यांवर आणि नाकावर चालायचा. आणि किचनचं नाक म्हणजे काकी. गूळ कधी उतरवायचा, नारळ आतून खवट आहे का, वेलची पुरे झाली का, हे त्या पातेल्यावर नुसत्या वाकून सांगायच्या. "जीभ काय, ती खोटंपण बोलते," असं त्या हसत म्हणायच्या, "नाक नाय बोलत."

ताट दाखवून झालं की त्या पदराला हात पुसत पुढे यायच्या. "काय गं, जमलंय ना?"

आणि रुपाली घास तोंडात असतानाच म्हणायची, "नेहमीसारखं, काकी."

कितीतरी वर्षं ते खरंच नेहमीसारखं होतं. मग एका श्रावणात रुपाली पॅसेजमधून जात असताना तिला सारण करपल्याचा वास आला. काकी पातेल्यावर वाकून ढवळत होत्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत. आता उतरवतील, आता उतरवतील, असं रुपालीला वाटत राहिलं. काकी ढवळतच राहिल्या. शेवटी रुपालीनेच पुढे होऊन, "काकी, पुढे उकड बघता का, माझी मऊ झालीय," असं काहीतरी सांगून त्यांना बाजूला काढलं आणि पातेलं उतरवलं. तळाला काळं लागलं होतं. तिने वरचं सारण काढून घेतलं, पातेलं स्वतः घासलं आणि वाढीव ऑर्डर आलीय असं सांगून नवं सारण चढवलं.

एखाद दिवस होतं असं कोणाचंही. पण पुढच्या संकष्टीला सारणात जायफळ इतकं पडलं की रुपालीला पहिल्याच घासाला झिणझिण्या आल्या. "जमलंय ना?" काकींनी विचारलं. "नेहमीसारखं," रुपाली म्हणाली आणि अर्धं सारण साध्या सारणात मिसळून टाकलं. मग एकदा खवट नारळ खवलेल्या चवात गेला. त्यानंतर ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ लागली. काकींनी आदल्या दिवशी फोडून ठेवलेल्या वाट्या फ्रिजमधून काढायची, एकेक नाकाशी धरायची आणि बिघडलेली गुपचूप पिशवीत घालायची. कोणाला पत्ता लागला नाही. तुळसाला थोडा लागला.

"काकींचं काहीतरी बिनसलंय," ती एकदा हळूच म्हणाली. "तू सांग ना त्यांना. लीडर तू हायस."

"सांगते," रुपाली म्हणाली, आणि सांगितलं नाही.

डोंबिवलीत एमआयडीसीच्या वासाचं कोणाला नवल नाही. लोक खिडक्या लावून घेतात आणि चहा पितात. पण एका सकाळचा वास भलताच होता, घशात जाऊन बसणारा. रिक्षावाले नाकाला रुमाल बांधून उभे होते, वैशालीला मळमळू लागलं, निशाताईंनी शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. तेवढ्यात काकी आल्या. पिशवी सांभाळत शटरखालून वाकून आत शिरल्या आणि म्हणाल्या, "शटर का ओढलंय गं? सकाळची हवा येऊ दे की जरा."

काकींनी गंमत केली असं समजून सगळ्या हसल्या. काकीही हसल्या, पण जरा उशिरा, बाकीच्या कशाला हसतायत ते बघून. रुपालीला मात्र हसू आलं नाही.  हा काकींचा निष्काळजीपणा नव्हता आणि वयाचा विसरभोळेपणाही नव्हता. काकींना वास येतच नव्हता.

आता तरी सांगायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं, ती काही दगड नव्हती. पण काय सांगायचं? काकींचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. घरी सर्वेश आणि विनिता, मुलगा-सून, चांगली माणसं. पण तिथे काकी आपल्या एका कोपऱ्यात असायच्या. इथे त्यांच्या नाकावर सगळं किचन चालायचं. ते नाक गेलं म्हणायचं म्हणजे त्यांच्या हातातलं होतं नव्हतं तेवढं काढून घ्यायचं, असं रुपालीला वाटे. शिवाय ज्या बाईने आपल्याला शिकवलं, तिलाच नारळ धरायला बोलवायचं? एकदा ती ठरवून पॅसेजपर्यंत गेलीही. काकी कोयता बाजूला ठेवून कपाळ चोळत बसल्या होत्या.

"हल्ली तोंडाला चवच नाही गं," त्या आपणहून म्हणाल्या. "कशाचा वास नाय, कशात मजा नाय. डोकंपण धरतं. सर्दी बसलीय वाटतं डोक्यात."

यापेक्षा सोपी वेळ कोणती यायची होती? रुपालीच्या ओठांवर शब्द आले होते. काकी तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ती भीती बघूनच रुपाली ढेपाळली.

"हवाच तशी आहे, काकी," ती म्हणाली. "वाफारा घ्या चांगला."

"पण सारण जमतंय ना?"

"अगदी नेहमीसारखं."

काकींचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी वाटीत पाणी काढलं आणि उगीचच, काही चुकलेलं नसताना, रुपालीला प्यायला दिलं. रुपालीने ते घटाघटा पिऊन टाकलं. आपण एका बाईला आनंदात ठेवलं असं तिला त्या दिवशी मनापासून वाटलं होतं.

असं करता करता वर्ष फिरून पुन्हा गणपती आले. चतुर्थीच्या दिवशी निशाताईंनी रुपालीला नौपाड्यात पाठवलं. तिथल्या एका सोसायटीचा महाप्रसाद होता आणि वाढपावर कोणीतरी जबाबदार हवं होतं. किचनमध्ये मोदकांची घरोघरची ऑर्डर, आणि सारण काकींकडे. निघताना तुळसाला एवढंच सांगायला हवं होतं की नारळ जरा नाकाशी धरून बघ. पण सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. एका दिवसात काय होतंय, असं म्हणत रुपाली गाडीत बसली.

त्या दिवसाच्या गडबडीत फळीवरच्या गणपतीला ताट दाखवून पहिला घास घ्यायचं राहूनच गेलं, आणि फोन दुपारपासून सुरू झाले. लोकांनी मोदक आणले, आरती केली, बाप्पाला नैवेद्य दाखवला. चाखायचा प्रश्नच नव्हता, आधी देवाचं. मग पानं वाढली आणि पहिल्या घासाला घरातल्या पोरांनी तोंडं वाकडी केली. सारण खवट होतं. एखाद्या घरी मोदक फुटले किंवा कमी पडले तर लोक चिडतात आणि विसरतात. हे तसं नव्हतं. "वर्षातून एकदा येतो तो, आणि आम्ही त्याला खवट नैवेद्य दाखवला," असं एक आजी फोनवर रडत म्हणाल्या.

रुपाली संध्याकाळी परत आली तेव्हा सगळ्या बायका ओट्याला टेकून उभ्या होत्या. काकी फळीच्या गणपतीसमोर उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. निशाताई एरवी आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. पण दिवसभर त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या.

"टीम लीडर ना तू?" त्या रुपालीवर धावूनच आल्या. "तुझ्या नाकाखाली हे चालतं आणि तुला माहीत नाही? काय बघतेस तू इथे?"

सहा वर्षांत रुपालीला असं कोणी बोललं नव्हतं. ती नौपाड्याला दिवसभर उभं राहून दमून आली होती, आणि हा आरोप तर धडधडीत खोटा होता. माहीत नाही? तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिचा तोल गेला.

"मला माहीत नाही?" ती ओरडली. "वर्षभर मी सांभाळून घेतेय त्यांना! विचारा तुळसाला. कितीदा सारण करपलंय, कितीदा मी फेकून दुसरं केलंय. रोज सकाळी लवकर येऊन नारळ हुंगत बसते मी. त्यांना वास येतच नाही! एक दिवस मी नव्हते तर हे झालं!"

वर्षभर जे एका माणसाला पॅसेजमध्ये हळू सांगायचं होतं, ते तिने सगळ्यांदेखत, मोठ्याने, आपली कातडी वाचवायला सांगितलं. शब्द तोंडातून गेले आणि तिलाच ते ऐकू आले. 

काकींनी मान वळवली. "वर्षभर?" त्यांनी विचारलं.

 काकींनी अ‍ॅप्रन सोडला, नीट घडी घालून ओट्यावर ठेवला आणि पिशवी उचलली. जाताना टेबलाचा कोपरा त्यांच्या कमरेला जोरात लागला, जसं काही तिथे टेबल आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. निशाताई म्हणाल्या, "काकी, थांबा, असं नका जाऊ." त्या थांबल्या नाहीत. रुपाली जागची हलली नाही.

उद्या जाईन, गौरी झाल्या की जाईन, दिवाळीच्या फराळाचं उरकलं की जाईन, असं तिने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. कल्याण काही विलायतेत नाही. पण गेलं नाही पाऊल. रोज फळीवर ताट दाखवून झालं की आता "जमलंय ना?" विचारायला कोणी पुढे येत नसे, आणि रुपालीला तो घास गिळता गिळवत नसे.

दिवाळीनंतर सर्वेशचा फोन आला. आई दारांना धडकायला लागली होती, जिन्यावरून दोन पायऱ्या घसरली होती. आधी मोतीबिंदू असेल वाटलं. आता फोटो काढलाय डोक्याचा. "ताई, डॉक्टर बरंच काय काय विचारतात. आई धड सांगत नाही. दिवसभर तुमच्यासोबत असायची ती. याल का नौपाड्याला?"

दवाखान्यात काकी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. रुपालीने त्यांच्या पायांना हात लावला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण जरा चुकून, कानापाशी. डॉक्टरीण बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. कपाळाच्या मागे गाठ आहे, त्यांनी सांगितलं. कॅन्सरची नाही, हळूहळू वाढणारी. पहिल्यांदा वासाच्या नसा दाबते, मग डोळ्यांच्या. "वास यायचा कधीपासून बंद झाला?"

"आम्हाला नाही माहीत," सर्वेश म्हणाला. "घरी विनिताच करते ना सगळं. आई कधी बोलली नाही." मग त्याने रुपालीकडे बघितलं. "ताई, तुम्हाला कामावर काही जाणवलं होतं का?"

इथे तरी सांगावं की नाही? पण सर्वेशचे डोळे तिच्यावर होते, भोळे आणि दमलेले. हिला माहीत होतं हे कळल्यावर ते डोळे कसे बघतील, ते तिला सोसवेना.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही जाणवलं नाही."

काकींनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.  काकी बोलल्या नाहीत. त्यांनी चेहरा परत भिंतीकडे नेला आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत बसल्या. त्यांनी रुपालीला सांभाळून घेतलं.

"वास जातो तेव्हाच कोणी आलं असतं," डॉक्टरीण बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "तर डोळ्यांपर्यंत जाऊच दिलं नसतं." त्या कोणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, त्याबद्दल सगळ्यांनी देवाचे आभार मानले. डोळे परत आले नाहीत. एका डोळ्याला उजेड आणि अंधार एवढं कळायचं, दुसऱ्याला तेही नाही.

माघी गणपतीला रुपाली कल्याणला गेली. या वेळी ती स्वतःशी भांडून गेली. घरी केलेले मोदक डब्यात होते. सारण, उकड, सगळं तिने एकटीने केलेलं. विनिताने दार उघडलं, हसून आत घेतलं. काकी खिडकीपाशी कॉटवर बसल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, खाली नुकते उगवलेले केस. कधीकाळी किचन चालवणारी बाई एवढीशी दिसत होती. रुपालीला रडू फुटलं, ते तिने विनिता डबा घेऊन आत गेली तेवढ्यात पुसून काढलं.

विनिताने आधी देव्हाऱ्यात नैवेद्य दाखवला, मग बशीत मोदक घालून काकींच्या हातात दिला. काकींनी बोटांनी कळ्या चाचपल्या, अगदी एकेक. टोक मोडलं, वर तूप होतं ते बोटाला लागलं. त्यांनी अर्धा मोदक खाल्ला. खाताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"मला काय कळत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "गोड आहे एवढं कळतं. तू सांग. कसे झालेत?"

"नेहमीसारखे," रुपाली म्हणाली. सवयच होती ती जिभेची, विचार करायच्या आत निघून गेलं.

काकींनी उरलेला मोदक बशीत ठेवला. बशी कुठे आहे ते शोधायला त्यांना थोडा वेळ लागला.

"विनिता," त्यांनी आवाज दिला, "चहा टाक गं बाई हिला. आलं किसून घाल."

विनिता आत गेली. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटला. तोवर काकी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "रुपाली, जरा नारळ धरायला ये."

 ती कॉटवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. काकींचा हात हवेत फिरला, आधी तिच्या खांद्याला लागला, तिथून सरकत पाठीवर येऊन थांबला. तोच हात, त्याच जागी.

"तू रोज जमलंय म्हणायचीस ना, म्हणून मी डॉक्टरकडे गेले नाही."

एकच वाक्य. आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. अंगठा जरा आत दाब म्हणावं, तसं त्या बोलल्या.

म्हणजे काकींना कळलं होतं. वास येत नाही हे काय माणसाला दुसऱ्याने सांगावं लागतं? त्यांना कळत होतं, आणि त्या घाबरल्या होत्या. पण रोज ताट दाखवून झालं की त्या येऊन विचारायच्या, आणि रुपाली सांगायची, नेहमीसारखं. सारण बरोबर होतंय म्हणजे नाकाचं फार काही बिघडलेलं नाही, सर्दीच असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. एवढ्या मोठ्या भीतीला त्यांच्याकडे परीक्षा एकच होती, रुपालीची जीभ. आणि ती वर्षभर खोटं बोलली होती.

रुपाली त्यांच्या मांडीवर डोकं घालून रडली. आवाज आत जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. "काकी, मी... मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल..."

"वाटलं असतं," काकी म्हणाल्या. "झालं आता. पुरे." पाठीवरचा हात निघाला. कॉटशेजारच्या स्टुलावर तो चाचपडू लागला, औषधांची पाकिटं बाजूला सारली, आणि त्याला पेला सापडला. काकींनी तो दोन्ही हातांनी उचलून पुढे केला. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"नारळाचं नाही, साधंच आहे. पी."

रुपालीने ते पाणी प्यायलं. सगळं प्यायलं. काकींनी पेला रिकामा झाल्याचा अंदाज घेतला, परत घेतला आणि जागेवर ठेवला. विषय संपला होता. त्या बाईच्या तोंडून तो पुन्हा कधी निघणार नव्हता, हे रुपालीला माहीत होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"आता सांग," काकी म्हणाल्या. "मोदक कसे झालेत?"

रुपालीने बशीतला अर्धा मोदक उचलून तोंडात घातला. सावकाश चावला.

"जायफळ जास्त झालंय, काकी."

"आणि?"

"पारी जाड झालीय. दोन-तीन मोदक उकडताना फुटले, ते मी आणलेच नाहीत."

आत चहाला उकळी आली होती. आल्याचा वास खोलीभर पसरला. काकी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, जिथून थोडा उजेड येत असल्याचं त्यांना कळत होतं.

"हं," त्या म्हणाल्या. "एवढंच तर बोलायचं होतं गं."